पीक मोठं आहे

“पीक सापडलं म्हणून लगेच चहाला उठायचं नाही. बसायचं. ते कशातून वर आलंय ते बघायचं. मग उठायचं.”

हे आजोबांचं सांगणं. ते कुणाचे आजोबा नव्हते. प्रयोगशाळेत सगळ्यांत जुने, खोकत खोकत शिकवणारे आणि खिशात पेन्सिलींचे तुकडे बाळगणारे, म्हणून त्यांना सगळे आजोबा म्हणत. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले त्याला बराच काळ लोटला होता, पण त्यांचा आवाज अजून त्या खोलीतून हललेला नव्हता. निदान बारकीला तरी तो ऐकू येई. आज तो तिला चहाच्या टेबलाशी ऐकू आला. म्हणजे उठून झाल्यावर.

तिनं कप तसाच खाली ठेवला. चहा हवा तसा कडक होता, आणि तोंडाला चव नव्हती.

बारकी हे नाव तिच्या चणीवरून पडलेलं नव्हतं. दारातून आली की दार भरून जावं अशी ती होती. पण आलेखातल्या बारीकसारीक गोष्टींवर अडून बसायची, म्हणून बारकी. घरात मात्र ती थोरली सून. “कामावर बारकी, घरी थोरली. मग मधली कुठे असतेस गं, वहिनी?” असं तिची नणंद विचारायची. “बसमध्ये,” बारकी सांगायची.

आणि आजचा आलेख त्या नणंदेचाच होता. म्हणजे तिच्या मातीचा.

नणंद संसार मोडून पोरीला, चिमीला, घेऊन परत आली तेव्हा भावाच्या घरी बाहेरच्या खोलीत राहिली. तिला कुणी काही बोललं नाही. पण न बोललेलंही घरभर ऐकू येतंच. नातेवाइकांत तिच्याबद्दलचं एक वाक्य ठरून गेलं होतं: हिचं काही धड होत नाही. ते वाक्य तिच्या मागोमाग या घरातून त्या घरात जाई, तिच्याआधी जाऊन बसे. मग तिनं गावाच्या कडेला दोन खोल्या आणि त्यामागची मोकळी जागा भाड्यानं घेतली. तिथं पूर्वी नळांना आणि दारांच्या मुठींना चकचकीत मुलामा देणारा कारखाना होता. कारखाना गेला, पत्रे गेले, माती राहिली. नणंदेनं त्या मातीत वाफे पाडले. शेजारच्या बायकांना म्हणाली, एका घराला एक वाफा, भाजी सगळ्यांची. बायका आधी हसल्या, मग कुदळी घेऊन आल्या, मग पोरंही आली. संध्याकाळी तिच्या अंगणात माणसांचा आवाज असायचा. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तिचं काहीतरी धड होत होतं.

फक्त एका कोपऱ्यात गवतही उगवत नव्हतं. ते तिच्याच नजरेला आलं. वाफ्यावाफ्यातली मूठमूठ माती काचेच्या बरणीत भरून ती बारकीच्या दारात उभी राहिली.

“वहिनी, तुझ्या त्या दिव्याखाली हिला एकदा बघ. तू बरी म्हणालीस की मी रोपं लावते. दुसऱ्या कुणाचं मला ऐकायचं नाही.”

मातीत क्रोमियम आहे हे साध्या चाचणीतच कळलं. मुलाम्याच्या कारखान्याची माती, दुसरं काय निघणार? पण क्रोमियमची दोन रूपं असतात. एक गरीब स्वभावाचं, पडलं तिथं पडून राहणारं. दुसरं विषारी: पाण्यात विरघळणारं, मुळातून वर चढणारं, हाताच्या भेगेतून आत शिरणारं. कुठलं किती आहे हे क्ष-किरण सांगतात. मातीची दाबून चकती करायची, तिच्यावर मोठ्या यंत्रातला बारीक झोत सोडायचा, झोताची ऊर्जा पायरीपायरीनं वाढवत न्यायची, आणि माती किती झोत गिळते ते नोंदवत राहायचं; ही झाली एक फेरी. आलेखाची रेषा आधी सपाट चालते, मग एका ठिकाणी उभा कडा चढते. त्या कड्याच्या पायथ्याशी, चढ लागायच्या जरा आधी, एक उंचवटा असतो. त्याला प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी शब्दानं पीक, म्हणजे शिखर, म्हणतात. विषारी क्रोमियम असेल तर हे पीक ताठ उभं राहतं. गरीब असेल तर नावापुरतं दिसतं.

हे सगळं बारकीनं नणंदेला समजावलं होतं, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून, चमच्यानं कडा काढून दाखवत.

“म्हणजे पीक लहान आलं तर चांगलं?”

“हो.”

“आणि बुडालंच तर?”

“तर नाच.”

“बाई बाई! मळा लावणारी आणि पीक येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसणारी जगात मी एकटीच असेन.”

त्या दिवशी दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. त्यानंतर रोज एकदा फोन यायचा आणि एकच प्रश्न असायचा: “वहिनी, पीक?” बारकी म्हणायची, “अजून नाही, वन्सं.” वन्सं हे जुन्या वळणाचं हाक मारणं दोघींमध्ये थट्टेनं चालायचं.

आज पीक आलं होतं. लहान आलं होतं. सहा फेऱ्या मोजून झाल्या होत्या, सॉफ्टवेअरनं त्या सहाही एकत्र करून एक सरासरी रेषा काढली, कड्याचा उतार वजा केला आणि उंचवट्यावर एक छोटी उभी रेघ मारली. शेजारच्या चौकटीत दोन आकडे: पिकाची उंची आणि पिकाची जागा. बारकीनं उंची बघितली. विषारी क्रोमियम मर्यादेच्या खाली. चांगलंच खाली. ती खुर्चीतून उठली आणि चहाला गेली.

उंची तिनं बघितली होती. जागा बघितली होती का? डोळ्यांनी बघितली होती. मनानं नाही.

ती परत खोलीत आली तेव्हा चष्मिस तिच्याच पडद्यासमोर उभा होता. चष्मिस म्हणजे तिचा सहकारी. फेऱ्या आपोआप एकत्र करण्याची आज्ञावली त्याचीच, आणि तिचा त्याला पोटच्या पोरासारखा अभिमान.

“अभिनंदन! पीक झोपलंय. विभागात बाई विचारत होत्या, सहीचा कागद कधी देतेस.”

“जागा बघ,” बारकी म्हणाली.

“जागेला काय झालं?”

“जरा डावीकडे आहे. शुद्ध विषारी नमुन्याचं पीक कुठे येतं? पाच हजार नऊशे त्र्याण्णव इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जरा पुढे. हे त्याच्या अलीकडे रेंगाळतंय. अर्ध्या व्होल्टाहून जास्त.”

“अगं, मिश्रण असेल. दोन्ही रूपं एकत्र असली की मध्येच कुठेतरी येतं.” त्यानं चष्मा वर सरकवला. “पीक मोठं आलं तरी तुझा चेहरा पडतो, लहान आलं तरी पडतो. तू शास्त्रज्ञ आहेस की शेतकरी?”

“मिश्रण असेलही,” ती म्हणाली आणि खाली बसली.

खरं सांगायचं तर तिला मिश्रणच हवं होतं. मिश्रण म्हटलं की विषय संपत होता. सही, कागद, एक फोन, आणि त्या टोकाला नणंदेची आनंदाची किंकाळी. ती किंकाळी तिला इतकी ऐकायची होती की कानात आधीच घुमत होती. आणि नेमकी तीच गोष्ट तिला टोचत होती. इतकी वर्षं तिचा एक नेम होता: एकत्र करायच्या आधी एकेक फेरी उघडून बघायची. कंटाळा आला तरी, वेळ नसला तरी. देवापुढे हात जोडावेत तसा तो नेम. आज तो चुकला होता. विसरून नाही. घाई झाली म्हणूनही नाही. उत्तर हवं तसं येतंय म्हटल्यावर हातानं आपोआप पुढचं बटण दाबलं होतं.

“तू काय करतेयस?” चष्मिसनं विचारलं.

“पत्रा बघते आधी.”

प्रत्येक फेरीत मातीच्या मागे शुद्ध क्रोमियमचा एक पातळ पत्रा झोतात उभा केलेला असतो. यंत्राचीच ऊर्जा सरकली असेल तर पत्र्याचा कडाही सरकतो, आणि दोष कुणाचा ते कळतं. बारकीनं सहाही फेऱ्यांमधल्या पत्र्याच्या रेषा एकावर एक ठेवल्या. केसाएवढाही फरक नव्हता. सहा रेषांची एकच रेषा झाली होती.

“झालं समाधान?” चष्मिस म्हणाला. “यंत्र साधुसंतासारखं वागलंय.”

“यंत्र वागलंय.”

मग तिनं मातीच्या फेऱ्या उघडल्या. एकत्र केलेल्या नाही, सुट्या. पहिली. दुसरी. तिसरी. चष्मिस पाठीमागून वाकून बघू लागला.

पहिल्या फेरीत पीक कड्याच्या पायथ्याशी ताठ उभं होतं, आणि बरोबर आपल्या जागेवर. दुसरीत ते थोडं खचलं होतं. तिसरीत आणखी. पुढच्या प्रत्येक फेरीत ते बसत बसत आणि डावीकडे सरकत गेलं होतं, कुणीतरी हळूच बाजूला ढकलावं तसं. सहाव्या फेरीत जे उरलं होतं ते पीक म्हणायच्याही लायकीचं नव्हतं. मिश्रण असतं तर सहाही फेऱ्यांमध्ये सारखंच दिसलं असतं. पत्रा हलला नव्हता, यंत्र हललं नव्हतं. बदलत होती ती माती.

“झोतामुळे,” चष्मिस हळू आवाजात म्हणाला.

“झोतामुळे.”

असं होतं हे दोघांनाही पुस्तकातून माहीत होतं. मातीत कुजका पालापाचोळा असेल तर झोताच्या माऱ्याखाली विषारी क्रोमियम बघता बघता गरीब रूपात बदलतं. बघायला म्हणून दिवा धरावा आणि त्या दिव्यानंच जे बघायचं ते पुसून टाकावं. पाहुण्यांसमोर शहाणं होऊन बसणाऱ्या कार्ट्यासारखं.

“आणि मी त्या सहांची सरासरी काढली,” ती म्हणाली. “एका खऱ्या फेरीत पाच खोट्या मिसळल्या.”

“सरासरी माझ्या आज्ञावलीनं काढली.”

“बटण मी दाबलं.”

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुसतच राहिला.

बारकीनं पहिल्या फेरीवर ‘पीक शोधा’ दाबलं. उभी रेघ नेमक्या जागेवर पडली. उंचीचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर होता. आणि तोही खरा नव्हता, कारण पहिली फेरी संपेपर्यंतसुद्धा झोत मातीवर पडतच होता. तिनं बघितलेलं सगळ्यांत मोठं पीक हे मुळात होतं त्याहून लहानच होतं. मुळात किती होतं, ते कुणीच बघितलेलं नव्हतं.

विभागाच्या बाईंनी सहाही रेषा उभ्या उभ्या बघितल्या. बाई कमी बोलत. बोलल्या की परत बोलावं लागत नसे.

“सहीचा कागद फाड. परत मोजायचं. प्रत्येक फेरीला चकतीवरची नवी जागा, आणि फेरी झटपट. यंत्रावरची पुढची पाळी मिळेपर्यंत आकडा बाहेर जाता कामा नये. कारण आकडा आपल्याकडे नाहीये.”

“बाई, निकाल आज येणार या हिशेबानं तिथं उद्या सकाळी पोरं रोपं लावणार आहेत.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. “आकडा सांगू नको म्हटलं मी. हात घालू नका हे सांगायला आकडा लागतो होय?”

बसमध्ये बारकीला खिडकीशी जागा मिळाली, आणि ती सारखी हातातली पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर करत राहिली. फोन दोनदा काढला, दोनदा आत ठेवला. कसं सांगायचं? ‘वन्सं, तुझ्या मातीत विष आहे.’ एवढं एका वाक्यात सांगून फोन ठेवायचा? आणि पलीकडे ती एकटी, पोरगी शेजारी, अंगणात वाफे. त्यापेक्षा नवऱ्याला आधी सांगावं आणि दोघांनी मिळून जावं? पण नवऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. माणूस सोन्यासारखा, पण आनंद झाला की तो गल्लीभर वाटायचा, आणि दुःख झालं की तेही. नको. आधी घरी जावं, हातपाय धुवावेत, मन जागेवर यावं, मग फोन करावा. आधी, मग, आधी, मग. उतरायचा थांबा तिच्या डोळ्यांसमोरून निघून गेला आणि तिला एक थांबा मागे चालत यावं लागलं.

घरी आली तर नवरा खुर्चीवर चढून दिव्याचं बटण दुरुस्त करत होता. “आलीस? जरा तो पेचकस दे गं.” तिनं दिला. स्वयंपाकघरात गेली, गॅस पेटवला, बंद केला, भाजी निवडायला घेतली, देठ ठेवून पानं टाकून दिली. तेवढ्यात चष्मिसचा फोन आला. तो अजून तिथेच बसून होता. घरी जाववत नव्हतं म्हणाला; पहिल्या फेरीचेच तुकडे करून बघत होता.

“अगदी सुरुवातीचा भाग वेगळा काढला,” तो म्हणाला. “तुला काय वाटतं, त्यात कसं असेल?”

“मोठं असेल,” बारकी म्हणाली. “पहिल्या फेरीतच पीक मोठं आहे. खूप मोठं. आणि सुरुवातीला त्याहून मोठं असणार.” भाजीचा रस लागलेल्या हातानं तिनं कपाळ पुसलं. “आपल्याला वाटलं त्याच्या कितीतरी पट. बरं, तू घरी जा आता. उपाशी मरशील तिथं.”

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. बाहेर काहीतरी बोलणं चाललं होतं, नवऱ्याचा आवाज चढा, हसरा. पण हा माणूस पेचकसाशीही बोलायचा, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. शेवटी मनाचा हिय्या करून तिनं नणंदेचा नंबर लावला. लागेना. सारखा व्यस्त.

तेवढ्यात नवरा दारात आला. तोंडभर हसू.

“सांगून टाकलं मी तिला!”

“कुणाला? काय?”

“धाकटीला. तूच म्हणालीस ना आत्ता फोनवर, पीक मोठं आहे, खूप मोठं, कितीतरी पट! मला राहवेना. म्हटलं, तुझ्या वहिनीनं शिक्कामोर्तब केलंय, आता लाव काय लावायचंय ते. तुझ्या जमिनीत असं पीक येणार की लोक बघायला येतील!”

ओट्याशी चमच्यानं कडा काढून दाखवला त्या दिवशी हा माणूस घरात नव्हता. त्याच्या शब्दकोशात पीक म्हणजे पीक. भुईतून उगवतं ते.

“आणि ती काय म्हणाली?”

“काही नाही गं. जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, ‘बरं झालं, दादा.’ आनंदानं तिच्या तोंडून शब्द फुटेना बिचारीच्या.” मग त्याचं लक्ष बायकोच्या चेहऱ्याकडे गेलं, आणि हसू एका बाजूनं उतरायला लागलं. “काय झालं? माझं काही चुकलं का?”

“अहो, तुम्ही बसा जरा,” ती म्हणाली. त्याला रागवावं असंही तिला वाटेना. गोड बातमी म्हणून हातात निखारा घेऊन पळत गेलेल्या माणसाला काय रागवायचं?

तिनं त्याला थोडक्यात सांगितलं. तो खुर्चीवर बसला, पेचकस मांडीवर. ऐकता ऐकता एकदा म्हणाला, “म्हणजे मोठं वाईट?” आणि मग, “तरी ती म्हणाली, बरं झालं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली.”

या वेळी फोन लागला. पहिल्याच घंटीला नणंदेनं उचलला.

“वहिनी, तुझ्या नवऱ्याला परत शाळेत घाल.”

“वन्सं...”

“लोक बघायला येतील म्हणाला. येतीलच की!” ती हसली, पण हसणं मध्येच मोडलं. मग तिनं विचारलं, “किती मोठं?”

“खरं सांगू? मला माहीत नाही. आम्ही बघत होतो तसं ते लहान होत गेलं. माती तीच, पण आमच्या दिव्यानं बदलत गेली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा सगळ्यांत मोठं होतं, आणि त्याच्याआधी किती होतं ते परत मोजल्याशिवाय कळायचं नाही.”

“म्हणजे लाजाळू आहे.”

“हो.”

“मग तू तरी कशाला एवढं टक लावून बघितलंस गं?” ती म्हणाली, आणि आता मात्र रडली. मोठ्यानं नाही. नाक ओढल्याचा आवाज, फोन हातातून हातात घेतल्याचा आवाज. समजूत काढावी असं काही तिच्याजवळ नव्हतं, आणि खोटं बोलायची सवय नव्हती.

“चिमी आणि मी रोज त्या मातीत हात घालतोय,” नणंद म्हणाली.

“माहीत आहे. पोरीला साबणानं हात धुवायला लाव. पायही. चपला बाहेर ठेव. आणि डॉक्टरकडे मी येते तुमच्याबरोबर.” ती पुढे म्हणाली, “सगळेच वाफे वाईट असतील असं नाही. तू मूठमूठ माती एकाच बरणीत आणलीस. मीही ती एकत्रच दाबली. वाफ्यावाफ्याची वेगळी घ्यायला हवी. नुसता तो कोपरा असेल, अर्धी जागा असेल, सगळीही असेल. कळल्याशिवाय मी तुला चांगलंही म्हणणार नाही आणि वाईटही.”

“पण उद्या?”

“उद्या कुणी हात घालायचा नाही.”

“ते तू म्हणतेस. सकाळी सगळ्या येणार आहेत, पोरांना घेऊन. रोपं ओलं फडकं गुंडाळून दारात ठेवलीत. मी काय सांगू? मीच त्यांना गोळा केलं. मीच म्हणाले, चला. आता मीच म्हणू, परत जा?” तिचा आवाज घसरला. “त्या काय म्हणतील ते मला पाठ आहे, वहिनी. हिचं काही धड होत नाही.”

“मग मी सांगते त्यांना.”

“नको. सांगीन मीच. जागा माझी आहे. पण तू ये. त्या यायच्या आधी ये. काही बोलू नकोस, नुसती माझ्या शेजारी उभी राहा. तू उभी राहिलीस की निम्मं अंगण भरतं.”

“अगं, चणीवरून बोलू नकोस आता.”

“मग कधी बोलू?” आणि एवढ्यातही दोघी किंचित हसल्या. “येशील ना? कामाची सबब सांगशील, बाईंनी बोलावलं म्हणशील.”

“येते.”

“कबूल?”

“कबूल. त्या यायच्या आधी.”

त्या रात्री बारकीचं अंथरूण तिला कुठेच मऊ लागेना. कुशीवर वळली की सहा रेषा एकमेकींवरून खाली घसरत. एकदा वाटलं, पत्रा नीट बघितला का? बघितला होता. फेऱ्यांमध्ये चकतीवरची जागा चुकून बदलली नसेल? नव्हती. वाटलं, आपण चहाला उठलो नसतो तर? मग काय, हेच थोडं आधी कळलं असतं. आणि उठलो तशाच परत बसलो नसतो तर? यापुढे मात्र ती विचार करू शकली नाही. डोळे मिटून देवाचं नाव घेत राहिली. मागणं काही सुचेना, नुसतं नाव.

पहाटेच्या पहिल्या उजेडात ती उठली. नवरा जागाच होता, भिंतीकडे तोंड करून, झोपेचं सोंग धड न जमणारा. तिनं दिवा लावला नाही. कपाटातून छोट्या पिशव्यांचा गठ्ठा घेतला, प्रत्येकीवर लिहायला पेन घेतलं, रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या, एक मोठी आणि एक नणंदेच्या मापाची. मग थोडा विचार करून चिमीसाठी साबणाची नवी वडी. माती उकरायला स्टीलचा चमचा रुमालात गुंडाळला.

“मी येऊ?” अंधारातून नवऱ्यानं विचारलं.

“तुम्ही दुपारी या. तेव्हा तिला भाऊ लागेल.”

“काय बोलू मी तिच्याशी?”

“काही नाही. जेवायला घेऊन या काहीतरी.”

तो उठून बसला आणि मान हलवली. चिमीला हातानं खावं लागेल असं काही नको, चमच्यानं खाता येईल असं आणा, एवढं ती दारातून म्हणाली. शेजारी अजून झोपलेले होते, म्हणून जिन्यात तिनं चपला हातातच घेतल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि कठड्याला धरून अनवाणीच खाली उतरू लागली. पहिली बस नेहमी वेळेवर नसे. चालत गेलं तरी बायका यायच्या आधी पोचता येईल, असा हिशेब तिनं रात्रीच करून ठेवला होता.